चौकातलं अभिनंदन

केजच्या चौकात माझ्या दिराने फ्लेक्स लावला आणि माझं डोकंच फिरलं. वर ठळक अक्षरांत ‘घुसून मारले!’, खाली दीर आणि त्याच्या सात मित्रांचे हात जोडलेले फोटो, आणि कोपऱ्यात नर्सच्या पोशाखात माझी मुलगी: ‘परदेशी निवडीबद्दल अभिनंदन’. एकाच फ्लेक्सवर दोन अभिनंदनं उरकायची आमच्याकडची रीतच आहे. पण तिची निवड झाली होती ती नेमकी जिथे ‘घुसून मारले’ त्याच देशातल्या दवाखान्यात. आपल्या हेरांनी त्यांच्या भूमीवर एका फरारी माणसाला गोळ्या घातल्या, असा त्या देशाचा आरोप होता. आपलं सरकार रोज म्हणत होतं, आम्ही नाही केलं. आणि आमचे हे भावजी चौकात छाती ठोकून सांगत होते, आम्हीच केलं.

“भावजी, निदान पोरीचा फोटो तरी काढा,” मी म्हणाले.

“कावून वैनी? अभिमानाची गोष्ट हाय. लोकायचे लई फोन यायलेत.”

मेलेल्या माणसासाठी माझ्या डोळ्यांत टिपूसही नाही. त्याच्या हाताला आपल्या माणसांचं रक्त लागलं होतं म्हणतात. पण असलं काम करायचंच, तर पकडले गेल्यावर झळ कोणाला बसेल याचा विचार आधी करावा की नाही? दिल्लीत कुणी केला असेल तर आम्हाला तो दिसला नाही. दोन्ही देशांनी एकमेकांचे अधिकारी हाकलले, व्हिसाच्या कचेरीतली माणसं कमी झाली आणि मुलीची फाइल अडकून पडली.

चार महिन्यांनी तिला दिल्लीला मुलाखतीला बोलावलं. काचेपलीकडच्या बाईने नर्सिंगबद्दल एक अक्षर विचारलं नाही. घरात सरकारी नोकरीत कोण आहे, एवढंच खोदून खोदून विचारत राहिली. मुलीने खरं सांगितलं: आई. मग आई नेमकं काय काम करते, कुठे कुठे जाते?

“जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला भूगोल शिकवते,” मुलगी म्हणाली.

व्हिसा नाकारला गेला. दवाखान्याने जागा दुसरीला दिली. त्या संध्याकाळी दीर घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, “सोसावं लागतं, वैनी. पर आता जग आपल्याला भ्यायलंय, हे न्हाई का मोठं?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मुलगीच बोलली. “खरंय, काका. ती बाई मलाच भीत होती.”