फाटकाबाहेरची खुर्ची

शेजारच्या भाऊंना दार वाजवायची सवय नव्हती. ते थेट स्वयंपाकघरात शिरायचे, चुलीवरच्या गंजाचं झाकण उचलायचे आणि विचारायचे, "वैनी, काय शिजून राह्यलं?" मला ते अजिबात आवडायचं नाही.

मग बायकोला रक्ताचा कॅन्सर झाला. किमो देऊन तिला तिच्या सख्ख्या भावाच्या स्टेम सेल्स दिल्या. अमरावतीला घरी आणताना डॉक्टरांनी बजावलं, काही महिने कुणी भेटायला नको, साधी सर्दीही तिला झेपणार नाही. पण आमच्याकडे आजाऱ्याला भेटू दिलं नाही, तर माणसं ते जन्मभर मनात ठेवतात.

भाऊंनी फाटकाबाहेर खुर्ची टाकली. येईल त्याला तिथेच अडवून आपल्या घरचा चहा पाजला. "शिव्या द्याच्या त मले द्या, पण आत नाई जाचं." एकदा त्यांना स्वतःलाच शिंक आली, तर खुर्ची उचलून रस्त्यापलीकडे नेली आणि तिथून ओरडत राहिले.

परवा डॉक्टरांनी परवानगी दिली. मी हाक मारली, तर भाऊ उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथेच थबकले.

बायको आत गेली. फडक्यात धरून गरम गंज घेऊन आली.

"भाऊजी, झाकण उचला न."