आधी भांड, मग पत्रक

पत्रककाका कुणालाही पत्रक सहजासहजी देत नसत. आखाडा बाळापूरच्या आठवडी बाजारात कुणी हात पुढे केला की ते कागद मागे ओढत. "आधी भांड, मग घे." निदान एक आडवा प्रश्न हवाच. "मुकाट्यानं घेतलेला कागद भजे बांधायच्याच कामाचा," म्हणत. ते वडिलांचे मित्र. मी वाचायला शिकलो त्यांच्या पत्रकांवर आणि वाढलो त्यांच्याशी भांडत.

खत हा त्यांचा कायमचा विषय. पेरणीच्या तोंडावर दुकानापुढे रांग लागली की ते तिथेच सुरू होत. "लढाई तिकडं आखातात, अन् उन्हात उभा तू. काहून? खताला लागणारा गॅस त्यांचा, जहाज त्यांचं. आपली फक्त रांग!"

"मंग लढाई तुमीच थांबवा की, काका," रांगेतून कुणीतरी म्हणे. त्याला लगेच पत्रक मिळे.

म्हणूनच आमच्या गावच्या गायरानावर हरित हायड्रोजनचा प्रकल्प येणार हे कळल्यावर काका लेकरासारखे हरखले. उन्हाच्या विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढायचा, त्यापासून खत करायचं. ना आखात, ना जहाज. परदेशी पाहुणे आले, ऊर्जासुरक्षेवर, दोन देशांच्या सहकार्यावर भाषणं झाली. काकांनी 'आता रांग संपली' असं पत्रक काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच न भांडता घरोघर वाटलं.

मी म्हणालो, "काका, खत जाणार कुठं, हे तर विचारा."

"गप रे. कधी नव्हं ते चांगलं होऊन राहिलं, होऊ दे."

काकांच्या शब्दावर ग्रामसभेत गायरान द्यायला हात वर झाले.

गायरानाला कुंपण घातल्यावर कळलं, सगळा माल करारानं परदेशात जाणार. त्या देशाला दुसऱ्यांच्या गॅसवर अवलंबून राहायचं नव्हतं. काका मला घेऊन प्रकल्पाच्या साहेबाकडे गेले. "त्यांची धास्ती मिटली, बरं झालं. पण ऊन आमचं, पाणी आमचं, गायरान आमचं. थोडं खत इथंबी ठेवा. तेवढं करारात लिहा."

साहेब हसला. "आजोबा, हे देशादेशांतलं आहे. तुमच्या पातळीवरचं नाही."

मला तेव्हा संताप आला, अजून येतो. ऊर्जासुरक्षा म्हणे! ज्यांच्या जमिनीवर ती उभी करायची, त्यांनाच दाराबाहेर ठेवायचं आणि वर त्याला सहकार्य म्हणायचं!

परतताना काका एवढंच बोलले, "या खेपेला म्या भांडण मागितलंच न्हाई, पोरा."

पुढे प्रत्येक बाजारात ते एकच मागणी घेऊन उभे राहिले: खताचा वाटा इथं ठेवा. गेल्या हिवाळ्यात काका गेले. मागणीला उत्तर आलं नाही.

यंदा तीच मागणी छापून मी खताच्या रांगेत गेलो. आमच्या गावच्या सखूआजीनं हात पुढे केला. तिच्या शेळ्या पूर्वी गायरानात चरत, आता रस्त्याकडेला चरतात. मी कागद मागे ओढला. "आधी भांडा, आजी."

"भांडते की! तुझ्या काकानं घरी कागद आणून दिला, तवा काहून भांडू दिलं न्हाई? अन् आता माझ्या शेळ्यांनी काय हे कागद खायाचे?"

रांगेत कुणीच हसलं नाही. मी तिच्या हातात पत्रक दिलं.