उमसुनाय एजेंचे सेन्सर

उमसुनाय एजे नारिन गावातल्या आमच्या कॉलेजात, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, एकतीस वर्षं मदतनीस होत्या. एजे म्हणजे ताई; सगळे त्यांना तसंच म्हणत. कांद्याचा पापुद्रा न फाडता सोलायला मी त्यांच्याकडेच शिकलो. पुढे तिथेच शिकवू लागलो. गेल्या शरदात संगणकाला जोडायचे सहा गॅस-सेन्सर आले. एजेंनी सही करून ते ताब्यात घेतले, भरतकामाच्या कापडाखाली झाकले आणि कपाट बंद केलं.

जूनअखेर त्या निवृत्त होणार होत्या. एकही वस्तू न मोडता सगळं सोपवून जायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"एजे, मुलांना हात तरी लावू द्या," मी म्हणायचो.

"लावतील की. मी गेल्यावर."

शेवटी एक मिळाला, तोही मीच धरायचा या अटीवर. बरणीत कुमीस, म्हणजे घोडीचं दूध, आंबत होतं. पडद्यावर त्यातून निघणाऱ्या वायूची रेघ चढत होती. वीस मुलं दवाखान्यात नंबर लावल्यासारखी बसलेली, हात मांडीवर.

"अगाय," म्हणजे सर, अशी मला हाक मारत वर्गातल्या अदिनायने विचारलं, "ही रेघ याच दुधाची, की संगणकात आधीच भरलेली?"

मागे काचा पुसणारं एजेंचं फडकं थांबलं. त्यांची नजर मुलांच्या रिकाम्या हातांवर होती. त्या कपाटाकडे गेल्या आणि त्यांनी उरलेले पाचही काढून आणले.

"दुधाच्या वर धरा. बुडवू नका."

अदिनाय लहानपणापासून कातडी पिशवीत घोडीचं दूध घुसळत आलेली. तिने सवयीने सेन्सर तळापर्यंत खुपसला आणि घुसळायला लागली. रेघ आडवी पडली.

"अगं, रवी आहे का ती?"

"घरी असंच करतो, एजे." तिचा आवाज रडवेला झाला.

एजेंनी तो पुसला, फुंकला, पुन्हा जोडला. काही नाही. त्यांनी तो भरतकामाच्या कापडावर बाजूला ठेवला.

"जा, शेजारच्या टेबलावर जा. एक बरणी उन्हात ठेव, एक गार पाण्यात. कुठली रेघ आधी चढते ते मला सांग. आणि तिथे घुसळू नकोस."

वर्ग हसला. अर्ध्या तासाने अदिनाय ओरडतच आली, "उन्हातली!" एजे टेबलापर्यंत गेल्या आणि चष्मा लावून रेघ पाहत बसल्या.

महिनाअखेरीस प्राचार्यांनी यादी तपासली. "सहावा कुठाय?"

"कुमीसमध्ये बुडाला. तास चालू होता."

"तसंच लिहू?"

"तसंच लिहा," एजे म्हणाल्या, आणि सहीसाठी पेन मागितलं.