नांदुरीला थांबलेली बस

माझा देवावर विश्वास नव्हता असं म्हटलं, तर ते पूर्ण खरं होणार नाही. घरात देव्हारा होता, सणावाराला मीही हात जोडायचो. पण मनातून मला कायम वाटायचं, की देव ही कामात कुचराई करणाऱ्यांनी शोधून काढलेली सोय आहे. याला माझा धंदा कारण होता. ऐंशी सालच्या आसपास मी नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजमध्ये फोरमन होतो. आमच्या शेठच्या चार बस लग्नाच्या वऱ्हाडांना, सहलींना आणि यात्रांना भाड्याने जायच्या. बस बाहेर पडण्यापूर्वी ती तपासून देणं हे माझं काम. ब्रेक, हँडब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे, वायपर. समोरच्या काचेला लिंबू-मिरची टांगलेली आणि ब्रेकचे लायनर मात्र पार झिजलेले, अशा कितीतरी गाड्या माझ्या हाताखालून गेल्या होत्या. ड्रायव्हर स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावायचा, तेव्हा मी हसायचो.

आजच्या मुलांना हे सांगून पटत नाही, पण तेव्हा आमच्या गाड्यांना साधे सीटचे पट्टेही नव्हते. टक्कर होताच फुगून माणसाला झेलणारी एअरबॅग आता नातवाच्या गाडीत आहे. त्या वेळी आम्ही तिचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. गाडीत बसलेला माणूस आणि मरण यांच्यामध्ये असायचे ते फक्त तपासणाऱ्याचे हात. ते हात माझे होते, आणि मला त्यांचा फार गर्व होता. माझं काम दुसऱ्या कुणी पुन्हा तपासलेलं मला खपत नसे. एका ड्रायव्हरने एकदा खाली वाकून चाक बघितलं, तर मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नव्हतो.

त्या वर्षी माघात आमच्या गल्लीतल्या बायकांनी सप्तशृंगीला जायचं ठरवलं. आदल्या साली माझी पत्नी कुसुम मोठ्या आजारातून उठली होती. तिने देवीची ओटी भरायचं बोलून ठेवलं होतं. बस आमच्याच गॅरेजची. चाळीसेक बाया, चार-पाच लहान मुलं आणि ड्रायव्हर बाळूभाऊ. मी बरोबर जाणार नव्हतो. कुसुमने विचारलं, तेव्हा मी म्हणालो होतो, "तुम्ही देवीकडे बघा, मी बसकडे बघतो."

त्या दिवशी सकाळी सहालाच मी गॅरेजमधल्या, बसखाली काम करायच्या खड्ड्यात उतरलो. पुढच्या दोन्ही चाकांपाशी स्टिअरिंगच्या दांड्याचे जोड ढिले वाटत होते, म्हणून मी ते नवीन घालत होतो. तिथे एक नट असतो. तो पान्याने घट्ट आवळायचा आणि सुटू नये म्हणून त्यातून आरपार एक पिन घालून तिची टोकं वाकवायची. डाव्या चाकाचा नट मी हाताने फिरवून बसवला होता, आवळायचा बाकी होता. तेवढ्यात वर बायका जमल्या. बाळूभाऊने नारळ आणला होता. बसला हळदकुंकू लागलं, आरती सुरू झाली. मला राहवलं नाही. मी खड्ड्यातून वर आलो, हात पुसले आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, "बाळूभाऊ, नारळ फोडून ब्रेक लागत नसतो. त्यासाठी खाली झोपावं लागतं."

दोघीतिघी हसल्या. कुसुम हसली नाही. मी मोठ्या ऐटीत परत खाली उतरलो, उजव्या चाकाचं काम अगदी निगुतीने पुरं केलं, ब्रेक पाहिले, टायर पाहिले आणि बस रवाना केली. तेव्हा सात वाजले होते.

पाऊण तासाने मी हत्यारं आवरायला बसलो. नवीन पिना मी दोनच काढल्या होत्या. त्यातली एक ट्रेमध्ये पडलेली होती.

ती उचलली आणि मला आठवलं. डाव्या चाकाचा नट नुसता बोटांनी बसवलेला होता. सपाट रस्त्याला तो हादऱ्यांनी हळूहळू सैल होत जाणार आणि नांदुरीपासून पुढे गडाचा घाट. त्या घाटात एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. तिथे दांडा निखळला, तर बाळूभाऊच्या हातातलं स्टिअरिंग नुसतं गरगर फिरलं असतं.

मी पान्यांची पिशवी घेतली, स्कूटरला किक मारली आणि दिंडोरीचा रस्ता धरला. फोन करायचा तर कुणाला? बस वाटेत कुठे थांबणार, हेही ठाऊक नव्हतं. माघाची थंडी होती, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे मागे पडत होते आणि माझ्या अंगाला घाम सुटला होता. प्रत्येक वळणाला वाटे, की आता पुढे गर्दी दिसेल, आडवी झालेली बस दिसेल. मला प्रार्थना करायची होती, पण काय म्हणायचं तेच सुचेना. आयुष्यभर ज्याची थट्टा केली, त्याच्यापुढे कुठल्या तोंडाने उभं राहणार? शेवटी माझ्या तोंडून एवढंच निघालं, "आई, मी चुकलो." वणीपर्यंत मी तेवढंच म्हणत होतो.

वणीत एका चहावाल्याने सांगितलं, "बायांची बस ना? जगदंबेचं दर्शन घेऊन गेली की. झाला अर्धा तास." अर्धा तास. म्हणजे बस एव्हाना घाटात असणार. तरी स्कूटर पुढे काढली, कारण मागे वळून जाणार तरी कुठे?

नांदुरीच्या अलीकडे एक वळण आहे. ते वळलो आणि मी पाहिलं, बस रस्त्याच्या कडेला उभी होती.

ती चारही चाकांवर नीट उभी होती. बायका खाली उतरल्या होत्या. रस्त्यावर लाकडाची मोळी सुटून पसरली होती आणि घोळक्याच्या मधोमध एक आदिवासी म्हातारी पाय पसरून बसली होती. माझी कुसुम तिच्या घोट्याला गरम हळदीचा लेप लावत होती. देवीच्या ओटीसाठी नेलेली ती हळद शेजारच्या टपरीवर तव्यात गरम करून आणली होती. बाळूभाऊ वैतागून उभा होता. मला बघताच म्हणाला, "फोरमन, तुम्ही? बघा ना, ही म्हातारी बरोब्बर बससमोर पाय मुरगळून पडली. ब्रेक दाबला म्हणून वाचली. उचलून बाजूला बसवली, तर वहिनी म्हणतात, हिचा पाय बांधल्याशिवाय निघायचं नाही. अर्धा तास झाला. घाट कधी चढायचा?"

मी उत्तर न देता बसखाली शिरलो. डाव्या चाकापाशी हात घातला आणि नटाला नुसतं बोट लावलं. तो फिरला. जेमतेम दोन आट्यांवर धरून होता. मी तिथेच, रस्त्याच्या धुळीत, उताणा पडून राहिलो. बाहेर बायकांची कुजबुज ऐकू येत होती, कुणाचं तरी पोर हसत होतं, आणि माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर ते दोन आटे होते. मी तीस वर्षं लोखंडात काम केलं. लोखंडाकडे पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्या एकाच वेळी.

नट आवळला, पिन घातली, टोकं वाकवली. बाहेर आलो. कुणाला काही न सांगताही मला परत जाता आलं असतं. सहज बघायला आलो होतो म्हटलं असतं, तर सगळ्यांनी माझं कौतुकच केलं असतं. क्षणभर तो विचार मनात आला, हे मी लपवत नाही. पण कुसुमच्या हळदीने माखलेल्या बोटांकडे लक्ष गेलं आणि मी सगळं सांगून टाकलं. नट सैल राहिला होता, चूक माझी, थट्टा करायला वर आलो आणि काम विसरलो.

शेजारच्या सोनवणेकाकू पुढे आल्या. "माझी नात आहे या गाडीत. सात वर्षांची. आणि तुम्ही विसरलात?"

मी मान खाली घातली. कुसुमने हळूच विचारलं, "आता नीट बसलाय ना हो?" मी मान हलवली. तेव्हा बाळूभाऊ चाचरत म्हणाला, "फोरमन, राग नका मानू. मी पण एकदा बघू का?"

"बघ," मी म्हणालो. "दोन्ही चाकं बघ." तो खाली शिरला आणि मला हलकं हलकं वाटायला लागलं. माझ्या कामावरून दुसऱ्याची नजर फिरतेय, याचं एवढं समाधान मला कधी झालं नव्हतं.

एवढ्यात कुसुम त्या म्हातारीच्या पाया पडायला वाकली. म्हणाली, "तुमच्या रूपानं आईच आडवी आली."

म्हातारीने झटकन पाय आखडला. "अगं माय, पाय नको धरू, लय दुखतोय! मी कशाची आई? मी चिमीबाई. दगडावर पाय पडला नि मुरगाळला, म्हून बसले. देवी तिकडं वर हाय."

बायका हसल्या, सोनवणेकाकूसुद्धा डोळे पुसता पुसता हसल्या. मी हसू शकलो नाही. मला वाटत होतं, देवी आमच्यासाठी धावली असेल, तर तिने या गरीब बाईचा पाय का मुरगळू द्यावा? आमच्या एवढ्या जणांच्या जिवाची वेदना त्या एका घोट्याने सोसली होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. याचा उलगडा मला आजही झालेला नाही. मी तो करूही जात नाही.

बस गडाकडे निघाली. कुसुमने मला वर चला म्हटलं, पण चिमीबाईला वणीच्या डॉक्टरकडे न्यायचं मी ठरवलं होतं. निघण्याआधी चिमीबाई आणि मी रस्त्याच्या कडेला बसून घाटाकडे बघत राहिलो. सात शिखरांचा तो डोंगर उन्हात उजळला होता आणि बस त्याच्या अंगावर मुंगीसारखी चढत होती. एका वळणाला ती दिसेनाशी झाली. मी उठून उभा राहिलो.

चिमीबाई म्हणाली, "बैस खाली. त्या काळ्या खडकापाशी दिसंल परत. मी रोज बघती."

आणि बस दिसली. मग पुन्हा लपली, पुन्हा दिसली. माझ्या हातात आता काहीही नव्हतं. जे करायचं ते केलं होतं, दोघांनी पाहिलं होतं, आणि पुढचा सगळा घाट माझ्या हाताबाहेर होता. माझे हात आपोआप जोडले गेले. मी देवीचं मुखही पाहिलं नव्हतं, पण आयुष्यातलं माझं पहिलं दर्शन ते तिथे, पायथ्याशी झालं.

मोळी टपरीवाल्याकडे ठेवून चिमीबाईला मी स्कूटरवर बसवलं. ती कधी स्कूटरवर बसली नव्हती. एका हाताने तिने माझा शर्ट घट्ट धरला. थोडं पुढे गेल्यावर मी विचारलं, "मावशी, मघाशी माझी चूक ऐकलीत ना? मग माझ्या गाडीवर बसायला भ्या नाय वाटलं?"

"आता तू नीट बघशील की," ती म्हणाली, आणि तिने माझ्या पाठीवर डोकं टेकलं.

वणीपर्यंत ती तशीच निर्धास्त होती. डोळे भरून आल्याने मला समोरचा रस्ता धड दिसत नव्हता, म्हणून मी स्कूटर अगदी सावकाश चालवली. ज्या हातांनी सकाळी चाळीस घरांचा घात केला असता, त्याच हातांवर एक अनोळखी म्हातारी जीव टाकून बसली होती. क्षमा म्हणतात ती हीच असावी. शरण जाणं म्हणजे हात सोडून बसणं, असं मी समजत होतो. तसं नाही. हातांनी आपलं काम पूर्ण करायचं, दुसऱ्याला ते तपासू द्यायचं, आणि त्यानंतर उरतं ते देवीच्या पायाशी ठेवायचं. ज्या आईने मला एवढं एका सकाळीत शिकवलं, तिचं ऋण मानून मी हे लिहिलं आहे. चिमीबाईचा पाय पंधरवड्यात बरा झाला.