भिंतीच्या आतला मिस्त्री

आता हे सांगावं की नाही? चूक कबूल करायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. पण तुम्ही चहा पाजलाय, तर ऐका.

मी चुन्यातला गवंडी. शाळा चौथी, हात पक्का. आमचं शहर बावन्न दरवाज्यांचं. त्यातल्या एका जुन्या दरवाज्याची दुरुस्ती निघाली. कमानीशेजारी गच्चीवर जायचा जिना. त्यात शेळ्या आणि पत्तेवाले, दोन्ही बसायचे.

साहेब म्हणाले, "मिस्त्री, जिना दगडानं बंद करा. मोठे साहेब बघायला येणार. पसंत पडलं तर सगळा दरवाजा चुन्यात, नाहीतर सिमेंटात."

सिमेंट! बादशाही कमानीला! आणि ते काम जाणार कुणाला? माझ्या सिमेंटवाल्या मेहुण्याला!

जिन्याचं वरचं तोंड आदल्या दिवशी बुजवलं. आज खालचं. दगडांमधल्या बाहेरच्या दरजा कुणीही भरतो हो, आतल्या कोण भरणार? मी आत उभा राहिलो. बाहेरून माझा मदतनीस करीमभाई दगड देणार. माझ्याच वयाचा माणूस. माझा कायदा एकच: काम चालू असताना कुणी तोंड उघडायचं नाही.

शेवटचा दगड बसवला. ठोकला. दरज पुसली. अंधारलं. मला वाटलं, ढग आले!

मग तंबाखूला हात घातला. पिशवी बाहेर. आणि मी?

भिंतीत बंदुकीसाठी ठेवलेली जुनी फट होती. तिथून ओरडलो, "करीमभाई! मी आत आहे, दिसत नव्हतं?"

"दिखता था ना, उस्ताद."

"मग बोलला का नाहीस?"

"आपीच बोले थे, मुँह नक्को खोलो."

तेवढ्यात गाडी थांबली. मोठे साहेब! मागं मेहुणा.

"मिस्त्री कुठं आहेत?"

मेहुणा म्हणाला, "साहेब, दाजी भिंतीत हायेत."

मोठ्या साहेबांनी दगडावर थाप मारली. "मजबूत आहे का हो?"

आता काय बोलू? कच्ची म्हणावं, तर काम जातं. पक्की म्हणावं, तर मी जातो! पण जीभ जुनीच. आतून गरजलो, "शंभर वर्षं हलणार नाही!"

"बरं दाजी," मेहुणा म्हणाला, "मग शंभर वर्षांनी येतो."

"थांब!" मी म्हणालो. मग हळू आवाजात: "आज चुना ओला आहे."

करीमभाईनं सात दगड काढले. पांढराफटक बाहेर आलो. रस्त्यावर ही गर्दी! साहेब हसून हसून लाल. म्हणाले, "काम पसंत. फक्त यांना बाहेर उभं करा."

दरवाजा चुन्यातच झाला. पण मेहुणा अजून घरी आला की आपल्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारतो, "आक्का, बावन्न दरवाज्यांचं गाव, अन् दाजींना एकबी घावला नाय व्हय?"

मी उठतो, आणि आधी दार उघडं आहे का बघतो.