मागाच्या आवाजात जेवणारा

भिंतीला तळहात लावायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "चालू हाय." भिंतीपलीकडच्या कारखान्यात माग धडधडताहेत, हे बहिऱ्यालाही कळलं असतं, तरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो ही बातमी द्यायचा. "चालू हाय ना?" असं मी आधीच विचारलं, की मात्र तोंड फिरवायचा. बातमी द्यायचा मान त्याचा.

वय विशीचं, बोलणं दोन शब्दांचं, नजर आपल्या खांद्यावरून पलीकडे. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. आज डॉक्टर त्याला काही नाव देतात. सत्तरच्या दशकातल्या आमच्या भिवंडीत 'खुळा' म्हणून लोक मोकळे व्हायचे.

त्याची आई विधवा. त्याच कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायचं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळायची. पोर तिथंच झोळीत वाढलं. त्यामुळे मोठा झाल्यावरही तो मागांच्या आवाजातच जेवायचा, आणि तेही आईच्याच हातून. घरी पंचपक्वान्नं वाढली तरी तोंड बंद.

मग कॉलऱ्याची साथ आली. बाहेरगावचे विणकर मुलखाला पळाले, माग थांबले. तो भिंतीला हात लावून उभा राहायचा. बोलायचा नाही आणि जेवायचाही नाही. अंग सुकत चाललं. शेवटी आई कारखान्याच्या मालकांकडे, चाचांकडे गेली. सुताशिवाय माग चालवणं म्हणजे मागाची वाट लावणं, असं हेच चाचा कामगारांना ओरडून सांगायचे. त्यांनी किल्ली काढली. "एक माग बिघडा तो बिघडा," म्हणाले. जेवणाच्या वेळी एकच माग रिकामा खडखडू लागला. आम्ही शेजारी हसलो, पण त्या सुन्या गल्लीत तो आवाज बराही वाटायचा.

थोड्याच दिवसांत आईलाच लागण झाली. दवाखान्याच्या गाडीत चढवताना ती एवढंच विचारत होती, "त्याला कोन भरवंल?"

चाचा कारखान्यात त्याच्यासमोर ताट घेऊन बसले. भात कोणाच्या घरचा, हात कोणाचा, हे विचारायला गल्लीत माणसंच उरली नव्हती. पहिल्या दिवशी त्याने ताट ढकललं. दुसऱ्या दिवशीही. "खा ले बेटा, चालू है, देख," चाचा घास पुढे करून विनवत होते. मी खिडकीतून म्हटलं, "चाचा, सामने मत बैठो. उसकी आई बाजू में बैठती है." चाचा उठून त्याच्या शेजारी बसले, दोघांची तोंडं मागाकडे. बऱ्याच वेळाने त्याने तोंड उघडलं. मला रडू आलं, लपवायचं काय त्यात.

आई वाचली. परत आली तेव्हा नेमकी जेवणाची वेळ होती. मी त्याला हाक मारणार, तोच तिने माझा हात धरला. अंगावर नुसती हाडं राहिली होती तिच्या. खिडकीच्या गजांना धरून ती बघत राहिली. आत चाचा भरवत होते, हा खात होता. ताट संपेपर्यंत तिने गज सोडले नाहीत.

मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "बरं झालं. आता मी मेले तरी चालंल."

इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.