चार झोपाळू प्रोसेसर आणि आमचे शेठ

सातपूरच्या कारखान्यात मोठा सर्व्हर आला तेव्हा मी कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख होतो. म्हणजे काही बंद पडलं की शिव्या खायचा पहिला मान माझा. त्या पेटीत प्रोसेसर आठ, पण चालू चारच. उरलेले चार झोपलेले. गरज पडली की विकणाऱ्या कंपनीकडून लायसनचा कोड मागवायचा, तो टाकला की ते जागे. भाडं दिवसाचं.

हे ऐकून शेठ खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे म्हैस माझ्या गोठ्यात, चारा माझा, आणि धार काढायची तर ज्यानं विकली त्याला विचारायचं?"

"तसंच, शेठ."

"लेकाचे!"

मार्चअखेर आली. हिशेबांच्या ओझ्याखाली सर्व्हर रांगू लागला, आणि नेमका तेव्हाच परदेशी गिऱ्हाईकाचा माल भरून ट्रेलर गेटवर उभा. संध्याकाळपर्यंत त्याची बिलं छापून निघाली नाहीत तर माल बंदरावर वेळेत पोहोचणार नव्हता. जहाज जाणार, पाठोपाठ गिऱ्हाईकही. शेठनी दातओठ खात मंजुरी दिली. मी कोड टाकला, चौघे उठले, काम पळू लागलं. मी कॉलर ताठ केली.

तासाभरात सर्व्हर पुन्हा रांगायला लागला!

शोध घेतला, तर करणी शेठची. दिवसाच्या भाड्यानं जेसीबी आणला की खड्डा झाल्यावर माणूस अंगणही सपाट करून घेतो. शेठ खात्याखात्यात फिरून सांगत होते, "आज चार जण जास्तीचे आलेत. बसून खाता कामा नयेत. जुनंपानं काय असेल ते काढून घ्या!" स्टोअरवाल्यांनी तर कारखाना सुरू झाल्यापासूनच्या नटबोल्टांचा हिशेब लावला होता.

तेवढ्यात ट्रेलरचा ड्रायव्हर दारात. "साहेब, लय येळ झाला. पुढं कसाऱ्याला जाम लागला तर मला बोलायचं नाय."

मी धावत शेठना गाठलं आणि भर पॅसेजमध्ये हात जोडून उभा राहिलो. "शेठ, वऱ्हाड दारात खोळंबलंय आणि तुम्ही आचाऱ्यांना लसूण सोलायला बसवलंय!"

"अहो, पण भाडं अख्ख्या दिवसाचं..."

"जहाज पण आजचंच आहे."

शेठचा चेहरा उतरला. मग ते स्वतःच धोतर सावरत पळाले. "बंद करा रे! नट राहू द्या, नट!" प्रिंटर खडखडू लागला. दिवेलागणीला ट्रेलर गेटबाहेर पडला. शेठनी त्याला हात जोडले.

मग ते माझ्याकडे वळले. "आता काय करतायत ते चौघं?"

"काही नाही. रिकामे."

"दिवस कधी संपतो त्यांचा?"

"रात्री बाराला."

शेठनी खुर्ची ओढली, आवाज खाली आणला. "भाचीला स्थळ आलंय. पत्रिका जुळवता येईल का हो?"

पत्रिकेचं सॉफ्टवेअर माझ्या टेबलावरच्या साध्या पीसीवर होतं. सर्व्हरचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. इतक्या सुखी माणसाला हे कोण सांगणार? गुण जुळले अठ्ठावीस.

शेठ तृप्त झाले. "बघा! नुसत्या चारांवर एवढे आले असते का?"